भिंतीवरची मिशी

या अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी भरतासाठी वांगी भाजत होते. "मॅडम, तुमच्या कलासाधनेविषयी काहीतरी भावस्पर्शी लिहा ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, साधना मी कधी केली नाही, नोकरी केली. त्या हसल्या. चित्रकार बाई खरं बोलली की लोकांना तो विनय वाटतो. तेवढ्यात एक वांगं करपलं. तेव्हा आधीच सांगून ठेवते, ज्यांना भावस्पर्शी हवं आहे त्यांनी पान उलटावं. पुढे कुणाच्या तरी प्रवासवर्णनात सूर्य मावळतच असेल.

मी नक्कलकार. जुन्या मठांत, देवळांत, छत्र्यांत भिंतींवर रंगवलेली चित्रं असतात. ओल, वटवाघळं आणि भाविक या तिघांमुळे ती रोज थोडी थोडी जातात. ती पुरती जायच्या आत त्याच मापात, त्याच रंगात कागदावर उतरवून ठेवायची, हे माझं काम. सरकारी कागदांवर पदाचं नाव होतं 'ड्राफ्ट्समन'. एकदा साहेबांना विचारलं, बाईला मॅन कशासाठी? साहेब म्हणाले, "पद पुरुषाचं आहे, त्यावर बाई बसली तरी आम्ही चालवून घेतो." हे ते औदार्य म्हणून सांगत होते.

या धंद्याची ओढ मला एका पुस्तकाने लावली. धुळ्याला चित्रकलेच्या वर्गात आमच्या म्हाताऱ्या शिक्षकांनी ते दाखवलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कुणी एक मडम इजिप्तला जाऊन राहिली आणि तिथल्या थडग्यांतल्या भिंती उतरवत बसली. बाहेरचं ऊन आरशाने आत भिंतीवर पाडायचं आणि त्या उजेडात रंगवायचं, अशी तिची रीत. एका फोटोत ती स्टुलावर बसलेली, डोक्यावर टोपी, आणि आरसा धरायला एक माणूस. मला त्यातलं भावलं ते वेगळंच. जिथे भिंत फुटली होती तिथे तिने कागदही फुटका ठेवला होता. अर्धं बदक, अर्धी होडी, आणि पुढे नुसता सपाट मातकट रंग. वर्गातल्या मुलांनी विचारलं, "सर, हिला पूर्ण बदक येत नव्हतं का?" त्यांपैकी दोघं आज जळगावात डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी सूर्यास्त काढतात, बैलगाडीसकट. त्यांची बदकं नेहमी पूर्ण असतात.

नकलेचा सगळा नियम त्या अर्ध्या बदकात आहे. जे दिसतं ते काढायचं. जे दिसत नाही ते काढायचं नाही, मग ते काय असणार हे शेंबड्या पोरालाही कळत असलं तरी. पडलेल्या पोपड्याच्या जागी पोपड्याचाच रंग भरायचा आणि पुढे सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण उभ्या नोकरीत मला जेवढा त्रास काढलेल्या रेषांनी दिला नाही तेवढा न काढलेल्या रेषांनी दिला. त्यातल्या एका चेहऱ्याची ही गोष्ट. चेहरा नव्हताच, तीच सगळी भानगड.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाला पेपरात नाव आलेलं फार आवडतं, पण या कामासाठी आवडणार नाही. गावाबाहेर ओढ्याच्या काठी एक जुनी छत्री होती, म्हणजे कुणाच्या तरी समाधीवर बांधलेली छोटी घुमटी. कुणाची समाधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत कडबा भरलेला, आणि कडब्यामागच्या भिंतीवर चित्रं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा तिशीची होते. इजिप्तच्या मडमेला तंबू होता, स्वयंपाकी होता, सामानाला गाढवं होती. मला साक्रीहून दिवसातून दोनदा येणारी एसटी होती आणि उतरायला इंदूअक्काचं घर.

इंदूअक्का चाळिशी ओलांडलेली, छत्रीला लागून घर, कडबा तिचाच. कडबा हलवायला लागला म्हणून पहिले चार दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. पाचव्या दिवशी भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

"ओ बाई, तू हाई काय करी राह्यनी?"

"चित्र उतरवतेय."

"फोटू काढीसन मोकयी व्हय ना!"

हा प्रश्न मला कलेक्टरांपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. फोटो वाईट नसतो, पण त्याला भेद कळत नाही. रेषा, बुरशी, गांधीलमाशीचं घर आणि कुणा प्रेमवीराने खिळ्याने कोरलेलं नाव, सगळं त्याला सारखंच प्यारं. मी एवढं समजावून सांगितलं. अक्काने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुना दाल्ला काय करस?" नवरा नाही म्हटल्यावर तिला सगळा उलगडा झाला. ज्या बाईला नवरा नाही ती दिवसभर भिंतीशी बोलणारच, असा तिचा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्या लग्नात आलेला आरसा आणून छत्रीच्या दारात उभा केला. मी आरशासाठी साक्रीला निरोप धाडला होता तो तिच्या कानावर गेला असणार. ऊन सरकलं की आरसा सरकवावा लागतो. भाकरी थापता थापता उठून ती तो सरकवायची आणि हात पिठाचे म्हणून कोपराने ढकलायची. आरशाच्या चौकटीला कायम पीठ असे.

कलासाधना म्हणतात ती अशी. सकाळी उजेड वर यायच्या आत डबा भरून घ्यायचा. ओढ्याकडे पुरुषमाणसं नसतील ती वेळ साधून जाऊन यायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी बेतानेच प्यायचं. भिंतीवर सुतळी आणि ओळंबा लावून चौकटी पाडायच्या, कागदावर तेवढ्याच चौकटी, आणि एकेक चौकट भरत जायची. चैत्रात तिकडे असं ऊन की ब्रश पाण्यातून कागदावर नेईपर्यंत कोरडा. रंगात ग्लिसरीनचा थेंब टाकला की जरा दम धरतो. पाठ धरते, मान धरते, आणि दारात चार रिकामटेकडे बसून तुमच्या पाठीकडे पाहत असतात. कला पाहायला आलो म्हणतात. एकाने दोन दिवस बसून शेवटी विचारलं, "मॅडम, आमचं नाव टाकता का कोपऱ्यात?" भिंतीवर त्याचं आधीच होतं, बाणाने छेदलेल्या बदामासकट.

आता ते चित्र. बाकीच्या भिंतीवर वेलबुट्टी, मोर, दोन हत्ती. मधोमध एक बसलेली व्यक्ती, हातभर उंच. मागे लोड, अंगावर लांब अंगरखा की झगा, ते नीट कळत नव्हतं. उजव्या हातात काहीतरी बारीक, काडीसारखं, मुठीच्या वर दोन बोटं दिसायचं आणि तिथून पोपडा पडलेला. दोन्ही मनगटं भरून हिरव्या बांगड्या. हिरवा इतका ताजा की मला तो जुळवायला दोन दिवस लागले. आणि मानेच्या वर काही नाही. कधीकाळी आत बैल बांधत, त्यांनी शिंगं घासून घासून चेहऱ्याचा सगळा गिलावा पाडला होता.

मी अक्काला विचारलं, तुझ्या आठवणीत चेहरा होता का? तर होता म्हणाली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, श्रावणात आमच्याकडे कानबाई नावाची देवी बसते. रविवारी घरात मांडायची, सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या गावच्या बायका ओढ्याकडे जाताना या छत्रीपाशी घटकाभर थांबतात. का, ते कुणालाच सांगता येत नाही, सासवा थांबत म्हणून सुना थांबतात. अक्काचं लग्न झालं त्या साली तीही थांबली होती; पुढच्या श्रावणाआधीच बैलांनी चेहरा पाडला.

"मग कसा होता चेहरा?"

"माले काय याद? नवी नवरी मी, पदर छातीलोंग. सासू मांगे उभी. पाय दखायनात, तोंड नही."

ज्या बाईने तो चेहरा पाहायला हवा होता ती त्याच्यासमोर मान खाली घालून उभी होती. मला तेव्हा तिच्या सासूचा मनापासून संताप आला. आजही आहे.

बांगड्यांवरून मी काय समजायचं ते समजले, पण तसं कुठेही लिहिलं नाही. समजणं हे माझं काम नव्हतं. समजायला मोठे सर होते.

मोठे सर म्हणजे आमच्या कामाचे प्रमुख, इतिहासाचे जाणकार. महिन्यातून एकदा जीपने यायचे, भिंतीपुढे उभे राहायचे आणि भिंतीला ती काय आहे ते सांगायचे. पहिल्याच फेरीत त्यांनी ठरवलं की हा सरदार आहे. हातातली काडी म्हणजे तलवार. बांगड्या? "पुरुषही कडी घालत." हिरवी? काचेची? मनगटभर? "बाई, तुम्ही रंग बघा. अर्थ आम्ही बघतो." मी रंगच बघत होते, आणि रंग काचेचा होता.

काम संपत आलं तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. पुस्तकात चेहऱ्याशिवाय चित्र बरं दिसत नाही म्हणाले. एखादी सूचक रेषा द्या. भुवईची, मिशीची. अगदी हलकी.

मी म्हटलं, "पाहिली नाही, सर."

"अहो, मी सांगतोय ना."

"तुम्हीही पाहिली नाही."

सरांचा चेहरा उतरवून ठेवण्यासारखा झाला होता. म्हणाले, "तुम्ही चित्रकार आहात की झेरॉक्स मशीन?"

"झेरॉक्स, सर," मी म्हटलं. "त्याच्यात मिशा आपोआप उगवत नाहीत."

पुढचा हंगाम मला बोलावलं नाही. जळगावकडच्या एका मठात माझ्या जागी एका कल्पक तरुणाला धाडलं. त्याने इतक्या कल्पकतेने काम केलं की अर्ध्या भिंतीवर नसलेली माणसं उभी राहिली, तीही एकाच नाकाची, बहुधा त्याच्या स्वतःच्या. मग मला मुकाट्याने परत बोलावलं. कुणी 'चुकलं' म्हणालं नाही, मीही विचारलं नाही.

पुस्तक निघालं. माझी नक्कल त्यात होती तशी छापली होती, बिनचेहऱ्याची, बांगड्यांसकट. समोरच्या पानावर सरांनी लिहिलं होतं, 'तेजस्वी मुद्रेचा, भरघोस मिशांचा, खड्गधारी सरदार'. डाव्या पानावर चेहरा नाही, उजव्या पानावर मिशा. विद्वानांनी परीक्षणं लिहिली, सरांना शाल मिळाली, आणि एकाही शहाण्याने दोन पानं एकमेकांसमोर धरून पाहिली नाहीत. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'रेखाटने' म्हणून माझी आद्याक्षरं आणि आडनाव होतं.

मी निवृत्त झाले, मोठे सर वारले. छत्री विसरले नाही, पण तिकडे जाणं राहिलं. गुडघे कुरकुरायला लागले की जुन्या भिंतींची फार ओढ वाटत नाही. आणि गेल्या श्रावणात तिथल्या भाऊसाहेबांचा फोन आला.

भाऊसाहेब म्हणजे मी तिथे होते तेव्हा जे आबा सरपंच होते त्यांचे चिरंजीव. आबा गेले, गादी चिरंजिवांकडे आली, सोबत पांढरी गाडी आली. फोनवर म्हणाले, "मॅडम, आपल्या छत्रीचा जीर्णोद्धार केला."

आमच्याकडे जीर्णाचा उद्धार म्हणजे ते पाडून टाकणं. "आणि भिंत?" मी विचारलं.

"ती पडायलाच आली होती. काढून टाकली. एकदम नवीन बांधकाम केलं, टाइल्स बसवल्या. पण चित्र सोडलं नाही आपण! समोरच्या भिंतीवर दहा फुटी काढून घेतलं, पुस्तकातून. तुमचं नावही टाकलंय. आमचे मूळपुरुष आहेत ते."

मूळपुरुष. कुणाची समाधी हे ज्या गावाला माहीत नव्हतं त्याला एकाएकी वंशावळ आठवली होती.

"मग आता काय हवंय?"

भाऊंचा आवाज खाली आला. "तुमच्याकडून एक चूक झाली ना, मॅडम. बांगड्या काढल्यात तुम्ही. लोक हसतात. आणि रोज सकाळी कोणीतरी भिंतीच्या कट्ट्यावर बांगड्या ठेवून जातं. विरोधी गट, दुसरं कोण! सोमवारी मंत्री येणार आहेत. तेवढं मूळप्रमाणे दुरुस्त करून द्या. तुमचा हात लागला म्हणजे अधिकृत झालं."

"मूळ नकलेप्रमाणे?" मी विचारलं.

"हो हो, मूळप्रमाणे. गाडी पाठवतो."

मी दुरुस्तीचा शब्द दिला आणि माझ्याकडचा त्या नकलेचा छापील नमुना पिशवीत घातला. सोमवार कानबाईचाच होता.

सकाळी पोचले तर भिंतीच्या जागी खरंच भिंत नव्हती. आत गुलाबी टाइल्स होत्या, धुळ्याच्या दुकानात न्हाणीघरासाठी मिळतात त्या. मोर नाहीत, हत्ती नाहीत. ज्या हिरव्यासाठी मी दोन दिवस घालवले तो कुठल्या तरी खड्ड्यात भरावाला गेला होता. मला रडू आलं नाही. मी फक्त भाऊंनी पुढे केलेला हार घेतला नाही.

आणि बाहेर, सिमेंटच्या नव्या भिंतीवर, दहा फुटी मूळपुरुष. पुढे काय काय पाहिलं ते तसंच सांगते. लोड माझा. झगा माझा, घडीन् घडी. मनगटं माझी, हिरव्या बांगड्यांनी भरलेली. मुठीतल्या काडीतून चार फुटी तलवार निघालेली. मानेवर एक गुबगुबीत चेहरा, त्याला झुपकेदार मिशी, आणि मला तो चेहरा ओळखीचा वाटला. खाली पाटी होती, 'मूळ चित्रकार'. पुढे माझी आद्याक्षरं आणि आडनाव, आणि त्यांच्याआधी ठळक 'श्री.' मूळपुरुषाबरोबर त्यांनी मलाही मिशी लावली होती.

भिंत रंगवणारे रफिकभाई तिथेच डबे मांडून बसले होते. दोंडाईचाचे, माझ्याच वयाच्या आसपासचे. एके काळी आख्ख्या शिंदखेडा तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मग फ्लेक्स आला आणि त्यांच्याकडे फक्त भिंती उरल्या. मी विचारलं, "बांगड्या का काढल्यात?"

"मॅडम, किताबमध्ये होत्या. चौकटी पाडून काढलं सगळं. माझ्या मनाचं काही नाही."

"आणि मिशी?"

"ती किताबमध्ये लिहिलेली होती. भाऊंनी वाचून दाखवली."

"चेहरा?"

रफिकभाईंनी भाऊंकडे पाहिलं, मग डब्याकडे. "फोटो दिला होता. आबांचा."

असं होतं तर. म्हणूनच ओळखीचा वाटला. अंग बाईचं, मिशी मोठ्या सरांची, तोंड सरपंचाचं. बांगड्या मात्र राहून गेल्या, कारण या सगळ्या शहाण्यांत एका पेंटरने समोर दिसेल तेच काढलं.

भाऊंना मंत्र्यांसाठी फाट्यावर कमान उभारायची घाई होती. निघताना रफिकभाईंच्या देखत मी पुन्हा विचारलं, "मूळ नकलेप्रमाणे करायचं ना, भाऊ?" गाडीत बसता बसता ते म्हणाले, "अगदी मूळप्रमाणे, मॅडम!" गावातले पुरुष त्यांच्यामागे गेले. पुरुषांना कमानी फार आवडतात.

तेवढ्यात काठी टेकत इंदूअक्का आली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली. मला पाहून म्हणाली, "उनी का तू? केस पिकी गयात तुना." मग भिंतीकडे काठी केली. "हिले मिशी कोनी लाई दिधी?"

"अक्का, कट्ट्यावर बांगड्या कोण ठेवतं गं?"

"आम्ही बायाच ठेवतस, भाऊनी बायको बी. दुसरं कोन? माय शे ती आमनी. बांगड्या दखाई नहीत का त्यास्ले?"

इतके दिवस ज्याला भाऊ विरोधी गट समजत होते तो त्यांच्याच घरातल्या बायकांचा होता.

मी रफिकभाईंना मातकट रंग कालवायला सांगितला. त्यांनी नमुना पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पिवळी माती, थोडा गेरू, जरा काजळी, असं करत बरोबर तो गिलाव्याचा रंग आणला. त्यांनी शिडी लावली. माझ्या गुडघ्यांकडे पाहून "मी चढतो" म्हणाले. मी म्हटलं, माझ्या नावावर आहे, मीच चढणार. अक्का काठी टाकून पुढे आली. "चढ तू. मी धरस शिडी." ऐंशीच्या बाईने धरलेल्या शिडीवर सत्तरीची बाई. मंत्र्यांच्या सुरक्षेचे लोक असते तर दोघींना आत टाकलं असतं.

आधी तलवार गेली, मुठीच्या वर दोन बोटं ठेवून. मग मिशी. मग आबा. मला आबांविषयी राग नव्हता, बिचारे कुणाच्या तरी मानेवर बसवले गेले होते. हनुवटीपासून पागोट्यापर्यंत सगळं सपाट मातकट झालं. जे नव्हतं तेच पुसलं. बांगड्यांना हात लावला नाही. खाली उतरले तर रफिकभाई रॉकेलच्या बोळ्याने पाटीवरचं 'श्री.' पुसत होते. "पुढे काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नको.

भाऊ परतले ते ओरडतच. "हे काय केलं? तोंड कुठे गेलं आबांचं?"

"मूळप्रमाणे केलं, भाऊ," मी नमुना त्यांच्यापुढे धरला. बांगड्या आहेत, चेहरा नाही.

"मंत्री फाट्यावर आलेत! निदान काहीतरी तोंड काढा! कुणाचंही!"

कितीतरी वर्षांनी तेच उत्तर पुन्हा द्यायला मिळालं. "पाहिलं नाही."

भाऊ रफिकभाईंकडे वळले. "रफिक, तू काढ!" रफिकभाईंनी डब्याचं झाकण लावलं. "भाऊ, रंग ओला आहे. वर चढवला तर ओघळेल," ते म्हणाले. ते खरंही होतं. तेवढ्यात सायरन ऐकू आला आणि भाऊंना हार शोधावा लागला.

मंत्री आले. नारळ फोडला, भिंतीला हार घातला, भाषणाचा कागद काढला. दुसऱ्या बाजूने कानबाई घेऊन बायका आल्या आणि रिवाजाप्रमाणे थांबल्या. अक्का माझ्याशेजारी ओट्यावर टेकली. मंत्र्यांनी भिंतीकडे हात केला, वर, नेमका त्या मातकट रिकाम्या जागेकडे, आणि आवाज चढवून म्हणाले, "हा तेजस्वी चेहरा पाहा! या भरघोस मिशा पाहा! या मुद्रेतूनच आपल्याला स्फूर्ती मिळते!"

सगळ्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनीही वाजवल्या, जरा उशिरा. मोठे सर स्वर्गात असतील तर त्यांनीही वाजवल्या असतील.

अक्काने मला कोपराने ढोसलं, पूर्वी आरसा ढकलायची तसं. "हाऊ कोनं तोंड दखी राह्यना वं?"

मला हसू आवरेना. अक्का हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, वाकलेली मान जमेल तेवढी वर केली आणि त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला अडवायला आता मागे सासू नव्हती.

"जव्हय तोंड व्हतं तव्हय मान खाले," ती म्हणाली. "आते मान वर करी, तं तोंड नही."

टाळ्या अजून चालूच होत्या.